सातवा घाव

“सून दुसरीही मिळेल. मुलगा मला एकच आहे.”

हे बोलणं माझ्यासाठी नव्हतं. अळकुड्या उकडलेलं पाणी मागच्या नाल्यात ओतायला मी पातेलं घेऊन निघाले होते, तेवढ्यात फळ्यांच्या भिंतीपलीकडून सासूबाईंचा आवाज आला. मासळीचा भाव पाडताना लागतो तसा, सपाट.

“अजून दोन राहिलेत,” आकोंग म्हणाले. आकोंग म्हणजे माझ्या नवऱ्याचे आजोबा. “सहावा जबड्यावर होता.”

“आणि सातवा?”

त्यांच्या छातीतली घरघर भिंतीपलीकडूनही ऐकू येत होती. खाणीची धूळ छातीत साठवून ते ऐंशीच्या घरात आले होते. माझ्या सासऱ्यांनी त्याच धुळीपायी चाळिशीत प्राण सोडला होता.

“सातवा माझा,” आकोंग म्हणाले. “कानशिलावर.”

मी पातेलं हातात धरून तशीच उभी राहिले. लग्नाला पाच महिने झाले होते. गरम भांडं न आदळता धरून ठेवायला मी तेवढ्यात शिकले होते.

त्यांना मी पुढे काही विचारलं नाही. विचारणारी म्हणून माझी ख्याती नाहीच. पण ते कशाबद्दल बोलत होते ते मला कळलं होतं, कारण तोवर पाच झाले होते आणि पाचही मी पुसले होते.

आमचं शिकेंग गाव डोंगराच्या उतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी चिकटलेलं आहे. छपरांवर डांबरी कागद, खाली समुद्र, आणि दोहोंच्या मध्ये बहुतेक दिवस धुकं. सोनं होतं तेव्हा इथे दोन सिनेमाघरं होती म्हणतात, आणि सोन्याच्या भुकटीवर दारू मिळायची. खाण बंद पडून अकरा वर्षं झाली. आता रविवारी तैपेहून बसगाड्या येतात. लोकांना सोनं बघायचं असतं. ते नसतं, म्हणून आम्ही त्यांना साखरेच्या पाकात अळकुड्यांचे गोळे देतो. ते तेवढ्यावर खूश होतात. माणसं तशी वाईट नसतात.

पोशेंगला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, गोळ्यांवर समाधान नव्हतं. आमचं स्वयंपाकघर डोंगराला टेकून आहे. मागच्या अंगणात डोंगराच्या पोटात शिरणारं जुनं भुयार होतं. सात जणांनी मिळून कंपनीकडून खणायला घेतलेलं. त्याचं तोंड विटांनी बुजवलेलं.

“चाळीस पावलं आत न्यायचं, टोपी घालायची, फोटो काढायचा, बाहेर आणायचं,” पोशेंग म्हणायचा. “बघ, युन्‌जू, रांग लागेल.”

आकोंगनी हे ऐकलं तेव्हा हातातला पेजेचा वाडगा भिंतीवर फेकला. “ती भिंत मी मेल्यावर फोड.”

“आकोंग, तुम्ही मरायचं नाव घेत नाही, आम्ही किती वाट बघायची?” पोशेंग हसत म्हणाला. या घरात असल्या थट्टेला बंदी नव्हती. बुधवारी आकोंग भूमिदेवाच्या देवळात गेले असताना त्यानं पहारीनं भिंत फोडली.

आतून हवा आली. गार, ओली, आणि तिला लसणाचा वास. जुने लोक कार्बाइडचे दिवे घेऊन खाली जायचे, त्या दिव्यांचा वास. चाळीस वर्षं बंद असलेल्या भुयारात दिवा नुकताच कुणीतरी विझवल्यासारखा तो ताजा होता.

तीन वाजले. पूर्वी तीनला पाळी बदलायची. आम्ही दोघं तिथेच उभे होतो. कुणीतरी जोरात श्वास घेतला, जड वस्तू उचलताना घेतात तसा... ‘हं!’ आणि पोशेंग किंचाळून खाली बसला. रबरी बूट जसाच्या तसा होता. तो काढला तेव्हा आत बोटं म्हणावीत असं काही उरलं नव्हतं.

गुरुवारी तीनला गुडघा.

शुक्रवारी आम्ही त्याला खालच्या गावात दवाखान्यात नेलं. अंतर पडलं की सुटेल असं मला वाटलं होतं. तीनला, पांढऱ्या चादरीवर, डॉक्टरांच्या समोर त्याच्या डाव्या हाताची चार बोटं पापडासारखी मोडली. डॉक्टर आधी हाताकडे बघत राहिले, मग खिडकीकडे, आणि शेवटी माझ्या हातांकडे. बायकोच मारते हे समजायला सगळ्यात सोपं होतं. मी हात पुढे केले. माझे हात लहान आहेत. त्यांनी आम्हाला घरी पाठवलं.

शनिवारी बरगड्या. रविवारी, गोळे घ्यायला बारा जण रांगेत असताना, खांद्याचं हाड. गिऱ्हाइकांना मी सांगितलं की नवरा शिडीवरून पडला.

दर वेळी घावाआधी तो श्वास यायचा, आणि दर वेळी तो निराळ्या माणसाचा असायचा. एकाला खोकला होता. एक नाकातून शिटी वाजल्यासारखा घ्यायचा. एक तर हसला होता. मी ऐकत होते. गप्प राहणाऱ्या माणसाला ऐकण्याखेरीज काम काय असतं?

सोमवारी, म्हणजे ते बोलणं ऐकल्याच्या दुसऱ्या दिवशी, सहावा माझ्या हातांतच पडला. पोशेंग मागच्या पडवीतल्या बाजेवर होता. मी त्याच्या डोक्याभोवती दोन्ही हात धरून, अंगानं झाकून बसले होते. मला माहीत होतं कुठे पडणार ते. तीन वाजले. माझ्या कानाशी कुणीतरी खाकरलं. माझ्या हातांना वारासुद्धा लागला नाही, आणि माझ्या तळव्यांमध्ये त्याचा जबडा ओल्या काटकीसारखा मोडला. दोन दात माझ्या मांडीवर पडले. ते अजून गरम होते.

संध्याकाळभर मी त्याला कापसानं पेज चोखवली. तो काही बोलायचा ते जिभेच्या लडबडीसारखं यायचं. दोन तासांत मला ते कळायला लागलं. “पा...ई” म्हणजे पाणी. “न...ओ” म्हणजे नको. एकदा तो म्हणाला, “तू... आ,” म्हणजे तू जा, माहेरी जा. मी म्हटलं, आधी पेज संपव.

मग आकोंग काठी टेकत आले आणि भुयाराकडे पाठ करून बसले. सासूबाई दारात उभ्या राहिल्या.

“ऐक पोरी,” आकोंग म्हणाले. “आमच्या सातांबरोबर एक आथुन होता. छुआ आथुन. पलीकडच्या सपाटीवरून आलेला, इथला नव्हता. आम्ही सात जणांनी थोडं सोनं आत दडवलं होतं. कंपनीच्या पहारेकऱ्यांना ते सापडलं. चुगली कुणी केली?... नवा तोच होता.”

“आणि?”

“पाळी संपताना त्याला पाण्याच्या विवरापाशी नेलं. घण एकच. प्रत्येकानं एकदाच मारायचा असं ठरलं, म्हणजे उद्या कुणी कुणाचं नाव घेणार नाही. सहा झाले तरी तो उठायला बघत होता. मी...” त्यांनी हात वर केला आणि तसाच खाली घेतला. “विवरात टाकला. गावात सांगितलं, पळून गेला.”

“चुगली त्यांनीच केली होती?”

आकोंग काठीच्या मुठीवरून अंगठा फिरवत राहिले. सासूबाईंनी मान फिरवली. चुगली आकोंगनीच केली होती हे मला तेवढ्यात कळलं.

“त्याला हाक मारली नाही,” सासूबाई म्हणाल्या. “तेच नडलं.”

हे मला पोशेंगनं लग्नानंतर लगेच सांगितलं होतं. खाणीत माणूस मेला की नुसतं प्रेत आणून चालत नाही. पुढे एक जण चालतो आणि त्याला वाट सांगतो. इथे वळण, इथे पायरी, डोकं सांभाळ, आता बाहेर आलो, घरी जा. नाहीतर शरीर बाहेर येतं आणि माणूस आतच राहतो, अंधारात वाट चाचपत. आथुनला हाक मारली असती तर आत माणूस मेलाय हे अख्ख्या डोंगराला कळलं असतं. म्हणून सात जण तोंड मिटून बाहेर आले आणि त्याच आठवड्यात भिंत घातली.

“तुम्ही मारा हाक,” मी म्हटलं.

“माझ्या आवाजावर तो येईल?”

“सातांच्या घरातल्या कुणाच्याच आवाजावर येणार नाही,” सासूबाई म्हणाल्या. “तू दक्षिणेकडची. तुझा आवाज त्यानं ऐकलेला नाही.”

“बाईनं खाणीत जायचं नसतं म्हणता ना?”

“खाण बंद आहे,” सासूबाई म्हणाल्या. गरज पडली की आमच्याकडे रिवाजाला दार असतं.

मी पोशेंगकडे पाहिलं. उद्या तीनला कानशील. “काय म्हणायचं त्यांना?” मी विचारलं. “काका?”

“मेला तेव्हा तेवीसचा होता,” आकोंग म्हणाले.

म्हणजे माझ्याहून वर्षानं लहान.

आकोंगनी मला सगळं पढवलं. आत जाताना डावं वळण, मग तीन पायऱ्या खाली, मग उजवं वळण, पुढे पाणी. येताना उलट. मागे बघायचं नाही. कुठल्या घरची ते सांगायचं नाही. आणि भुयारात खोटं बोलायचं नाही, छप्पर ऐकत असतं.

“त्यांनी विचारलं तर?”

“मेलेली माणसं विचारत नाहीत,” आकोंग म्हणाले.

मंगळवारी दुपारी धुकं अंगणात उतरलं होतं. पोशेंगनं पाहुण्यांसाठी आणलेल्या पिवळ्या टोप्यांतली एक मी घातली. तिच्यावर हसऱ्या सोन्याच्या खड्याचं चित्र होतं. मरायला जाताना माणसाच्या डोक्यावर काय असेल याचा काही नेम नाही. घड्याळात दोन वाजून वीस मिनिटं झाली होती. आकोंग उदबत्ती पेटवून भुयाराच्या तोंडाशी उभे राहिले. घरातल्या थोरल्यानं ती धरायची असते.

आत गेल्यावर दहा पावलांत उजेड संपला. टोपीवरचा दिवा हातभर पिवळं वर्तुळ पाडायचा, पुढे काळोख. भिंतींवर छिन्नीचे ओरखडे होते, आणि त्यांतून पाणी गळत होतं. डावं वळण. तीन पायऱ्या, शेवाळलेल्या. उजवं वळण. लसणाचा वास इतका वाढला की डोळे चुरचुरायला लागले. मग पायांपुढची जमीन संपली आणि काळं पाणी आलं. ते हलत नव्हतं.

“छुआ आथुन,” मी म्हटलं.

माझा आवाज पाण्यावरून गेला आणि परत आला नाही.

“आथुन, पाळी संपली. चल बाहेर.”

काही नाही. थेंब. पुन्हा थेंब. मी तीनदा हाक मारली. घड्याळात पावणेतीन झाले. मला रडू आलं, आणि रडताना जे तोंडात आलं ते मी बोलून गेले.

“भाऊ, मी क्यानांच्या घरची सून आहे. मला त्यांनीच पाठवलंय. पण मला माझा नवरा हवाय, म्हणून मी आलेय. चला ना...”

पाणी हललं.

मी वळले आणि उजेडाच्या दिशेला तोंड केलं. पाठीमागे काहीतरी काठावर आलं. ओलं, जड. एक पाय टेकला. दुसरा फरपटत आला. माझ्या पाठीवर गारवा पसरला आणि कोटाची कड कुणीतरी धरली. पकड विचित्र होती, अंगठा आणि तळवा, बोटं नसल्यासारखी.

“डावीकडे वळा, भाऊ,” मी म्हटलं. “डोकं सांभाळा.”

टेक... फरपट. टेक... फरपट. छातीतून हवा निसटल्याचा आवाज. पोशेंगच्या बरगड्या मोडल्यापासून तो तसाच श्वास घेत होता.

“तीन पायऱ्या वर. एक... दोन... निसरडं आहे... तीन.”

एका पायरीवर तो पडला. मी थांबले. मागे बघितलं नाही. त्याला उठायला वेळ लागला. मला त्याची दया आली, हे मी कुणाला सांगितलेलं नाही.

“आता उजवीकडे.”

वळल्यावर समोर भुयाराचं तोंड दिसलं. राखाडी उजेडाचा एक तुकडा आणि त्यात आकोंगची वाकडी सावली, हातात उदबत्तीचा लाल ठिपका. दोन वाजून छप्पन्न मिनिटं.

कोटाची कड ताणली गेली. तो थांबला होता.

“चला, भाऊ. वीसच पावलं.”

माझ्या मानेशी गार हवा आली. मग लडबड. दुसऱ्या कुणाला ती कळली नसती. मी आदल्या संध्याकाळपासून तीच भाषा ऐकत होते.

“शहा... शमोलून...” तो म्हणाला. “शातवा... मागून. कोन?”

सहा जण समोरून आले होते. सातवा त्यानं पाहिला नव्हता. म्हणजे गेले सहा दिवस तो माझ्या नवऱ्याला मारत नव्हता. तो रोज एक घाव मोजत शेवटच्यापर्यंत आला होता, आणि तिथे त्याला चेहरा सापडत नव्हता.

मला गप्प राहता आलं असतं. आयुष्यभर तेच केलं होतं. माहीत नाही म्हणता आलं असतं. छप्पर ऐकत असतं म्हणून म्हटलं नाही, असं मी नंतर स्वतःला सांगितलं. खरी गोष्ट अशी की मला पोशेंग हवा होता.

“दारात उदबत्ती धरून उभे आहेत,” मी अगदी हळू म्हटलं, “ते.”

कोट सुटला.

मी धावले. दगडाला गुडघा आपटला, टोपी पडली, आणि मी आकोंगच्या शेजारून अंगणात कोसळले. सासूबाई बाजेपाशी पोशेंगचं डोकं छातीशी धरून बसल्या होत्या.

“आला?” आकोंगनी विचारलं. “घरी जा म्हटलंस का? म्हण ना, पोरी, म्हण...” आणि मी काहीच बोलत नाही हे बघून ते स्वतःच आत वाकले. “आथुन?”

तीन वाजले.

श्वास ऐकू आला. हा सातवा श्वास मी ओळखत होते, पाच महिने रोज जेवताना ऐकला होता. धाप, घरघर, आणि मग ‘हं!’. तो आकोंगच्या छातीतून आला नाही. त्यांच्या मागून आला.

कानशील आत गेलं. पिकलेलं कलिंगड दगडावर पडावं तसा आवाज झाला. त्यांचा एक डोळा बाहेर आला, उदबत्तीवर रक्त पडून ती चर्रर्र करून विझली, आणि ते तोंडावर आतल्या बाजूला पडले. डोकं भुयारात, पाय अंगणात. पाय थोडा वेळ चालत राहिले.

पोशेंगला काही झालं नव्हतं. त्यानं उजवा हात कानशिलाकडे नेला, चाचपला आणि रडायला लागला.

सासूबाईंनी किंचाळत धावत जाऊन आकोंगचे घोटे धरले आणि त्यांना ओढून अंगणात घेतलं. पण आमच्याकडे त्यानं भागत नाही. त्यांनाही ते माहीत होतं.

“आत मेले गं... आत मेले!” त्यांनी माझे खांदे धरून हलवले. “हाक मार! बाहेर बोलव त्यांना. उभी काय राहिलीस दगडासारखी? वळण सांग, मार हाक!”

मी तोंड उघडलं. मारणार होते. तुम्ही विश्वास ठेवा अथवा नका ठेवू, मी खरंच मारणार होते.

पण त्याआधीच भुयारातून हाक आली.

“डावीकडे वळा, आकोंग. डोकं सांभाळा.”

आवाज मऊ होता, समजुतीचा. दक्षिणेकडचे लोक बोलतात तसा शब्दाचा शेवट जरा लांबवणारा. या गावात असं बोलणारं दुसरं कुणी नाही. तो आवाज माझा होता.

“तीन पायऱ्या खाली...” आवाज लांब गेला. “एक... दोन... निसरडं आहे... तीन.”

मागून काठी टेकत कुणीतरी चाललं होतं. टक. टक. आकोंगची काठी माझ्या पायाशी पडलेली होती.

“आता उजवीकडे.”

मग खूप खोलवर पाण्यात काहीतरी उतरलं, एकदा, आणि लगेच दुसऱ्यांदा.

सासूबाईंनी माझे खांदे सोडले. त्या माझ्या ओठांकडे बघत होत्या. ओठ उघडे होते आणि हलत नव्हते. बाजेवरून पोशेंगनं मान उचलली आणि भुयाराकडे तोंड करून, त्या मोडक्या जबड्यानं, मला हाक मारली.

“यु...जू?... तू... आत...?”

मी त्याच्यापासून चार पावलांवर उभी होते.

माझ्यासाठी काही आवाज उरला आहे का, हे बघायची मला भीती वाटत होती. धुकं भुयाराच्या तोंडापर्यंत आलं होतं आणि हळूहळू आत ओढलं जात होतं, कुणी श्वास घेतल्यासारखं. मी त्या दोघांकडे वळले आणि म्हणाले,

“सिमेंटची गोणी कुठे ठेवलीय?”